सिस्टरने डॉक्टरांना कधी विचारायचं?

(या भागाचं लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कापलेत.)

 हेडफोन लावलेत ना? चला, आज थेट एका फोन कॉलपासून सुरुवात करू.

१९६० च्या दशकातलं अमेरिकेतलं एक हॉस्पिटल. रात्रीची वेळ. वॉर्डमधल्या एका बाईंना त्याच दिवशी वडील गेल्याचं कळलंय आणि त्यांना झोप लागत नाहीये. ड्युटीवरच्या नर्सला काय करायला हवं ते माहीत आहे. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, सगळं. तरी ती डॉक्टरांना फोन करते आणि तसं म्हणत नाही. ती फक्त सांगते की बाईंना झोप येत नाहीये, आणि का येत नाहीये. डॉक्टर विचारतात, आधी कुठलं औषध लागू पडलं होतं? नर्स सांगते, परवा रात्री अमुक गोळी, शंभर मिलिग्रॅम, चांगली लागू पडली. डॉक्टर म्हणतात, ठीक, तीच द्या. नर्स म्हणते, थँक्यू डॉक्टर.

आता सांगा, निर्णय कोणी घेतला?

लिओनार्ड स्टाइन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ साली एका लेखात असाच प्रसंग मांडला होता. लेखाचं नाव होतं ‘डॉक्टर-नर्स गेम’. त्याचं म्हणणं असं की हा एक खेळ आहे आणि दोघांनाही त्याचे नियम पाठ आहेत. नर्सने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये. डॉक्टरांनी सल्ला मागायचा, पण मागितल्यासारखं दिसता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे उघड मतभेद टाळायचा. खेळ नीट जमला की दोघंही खूश. नाही जमला तर नर्स ‘आगाऊ’ ठरते, किंवा डॉक्टरला ‘इशारेच कळत नाहीत’ अशी त्याची ख्याती होते.

ऐकायला गंमत वाटते. पण या खेळात पेशंटची माहिती आडून आडून फिरते. इशारा समजला नाही तर काय?

आजचा भाग याच ‘विचारण्या’बद्दल आहे. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेतलेली अशी नर्स, जी पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते. अमेरिकेत, कॅनडात साध्या दवाखान्यात तुम्ही गेलात तर बऱ्याचदा तीच तुम्हाला तपासते. मग ती डॉक्टरांना विचारते कधी? कसं? आणि ते ठरवतं कोण? मला वाटायचं, हा शिस्तीचा किंवा कायद्याचा किरकोळ मुद्दा असेल. वाचत गेलो तेव्हा कळलं की गेली शंभर वर्षं भांडण याच एका प्रश्नावर चाललंय.

खोगिराच्या पिशवीतलं पुस्तक

१९२५ साली चला. अमेरिकेतलं केंटकी राज्य, पूर्वेकडचा डोंगराळ भाग, लेस्ली काउंटी. रस्ते जवळजवळ नाहीत, ओढ्याच्या पात्रातूनच वाट. डॉक्टर दूर. मेरी ब्रेकिनरिज नावाची नर्स इथे एक सेवा सुरू करते, तिचं पुढे नाव पडलं ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’. तिची स्वतःची दोन्ही मुलं लहानपणीच गेली होती. ती सुईणीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेली आणि परत येऊन तिने डोंगरात छोटी छोटी केंद्रं उभारली. तिच्या नर्स घोड्यावर बसून घरोघरी जायच्या, बाळंतपणं करायच्या, तापाची पोरं बघायच्या.

पण औषध देण्याचा अधिकार डॉक्टरांचा. आणि डॉक्टर तर डोंगरापलीकडे. फोन करावा तर फोन कुठे?

तोडगा साधा होता. लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांच्या एका समितीने लेखी सूचनांचं एक पुस्तक तयार करून दिलं, ‘मेडिकल रुटीन्स’ नावाचं. अमुक लक्षण दिसलं तर हे करा, हे औषध इतकं द्या, आणि इथपर्यंत आलं की थांबा, डॉक्टरांना बोलवा. नर्स ते सोबत घेऊन फिरायच्या. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला आधीच घेऊन खोगिराच्या पिशवीत ठेवलेला!

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात याला रनबुक म्हणतात. सर्व्हर पडला की आधी हे बघ, मग हे कर, आणि तरी नाही जमलं तर अमक्याला उठव. माझा अनुभव सांगतो. नोकरीत नवीन असताना एका रात्री मी सिनियरला उठवायला घाबरलो आणि दोन तास एकटाच झगडत बसलो. रनबुक होतं. पण त्यात ‘उठव’ कधी, ते लिहिलेलं नव्हतं. सकाळी सिनियर एवढंच म्हणाला, ‘अरे, फोन का नाही केलास?’ काय करायचं हे सांगणं सोपं असतं. खरी किंमत ‘कधी थांबायचं’ त्या ओळीची असते, हे तेव्हा कळलं. केंटकीच्या त्या पुस्तकात ती ओळ होती.

कोलोराडो, १९६५

पुढची चाळीस वर्षं हे असंच कानाकोपऱ्यात चालत राहिलं. मग १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात दोन माणसं एकत्र आली. लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यात काम केलेली नर्स, आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ. अमेरिकेत तेव्हा खेड्यांत आणि शहरांतल्या गरीब वस्त्यांत डॉक्टर मिळत नव्हते. फोर्ड यांनी गावोगावच्या दवाखान्यांत पाहिलं होतं की डॉक्टर नसताना नर्स बरंच काही आधीपासूनच करतायत, फक्त त्याला नाव नाही आणि शिक्षणाचा पाया नाही.

दोघांनी मुलांच्या आरोग्यासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. चार महिन्यांचं कसून प्रशिक्षण, मग वस्तीतल्या केंद्रात प्रत्यक्ष काम. मूल तपासायचं, निरोगी बाळाची वाढ बघायची, साधे आजार हाताळायचे, आणि हाताबाहेरचं असेल ते डॉक्टरांकडे पाठवायचं.

विरोध झालाच. पण गंमत अशी की तो फक्त डॉक्टरांकडून नव्हता, नर्सिंगमधूनही होता. मार्था रॉजर्ससारख्या मोठ्या नर्सिंग-अभ्यासकांना वाटत होतं की या नव्या पदामुळे नर्स आपला पेशा सोडून ‘छोटे डॉक्टर’ बनतील. आणि छोटा डॉक्टर झालात की मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली गेलातच. फोर्ड यांचं उत्तर असं की हे नर्सिंगचंच काम आहे, आम्ही ते फक्त पुरं करतोय. लोरेटा फोर्ड जानेवारी २०२५ मध्ये गेल्या, वयाच्या १०४ व्या वर्षी. त्यांनी सुरू केलेल्या कामाला तेव्हा साठ वर्षं होत आली होती.

शंभरातल्या ६७ भेटी

आता कॅनडा. ओंटारिओ प्रांतातलं बर्लिंग्टन गाव. तिथे दोन फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना इतका भरलेला की नवा पेशंट घ्यायला जागाच नाही. मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी १९७१-७२ मध्ये तिथे एक प्रयोग केला. दवाखान्यातली १,५९८ कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. १,०५८ कुटुंबं डॉक्टरांकडे, नेहमीसारखी. ५४० कुटुंबं दोन नर्स प्रॅक्टिशनरकडे.

नर्सकडे पेशंट आला की तिच्यापुढे तीन रस्ते. एक, स्वतः उपचार करायचे. दोन, उपचारांची गरज नाही, समजावून धीर द्यायचा. आणि तीन, आपल्या डॉक्टरांकडे किंवा योग्य त्या दुसऱ्या ठिकाणी पाठवायचं. कुठला रस्ता धरायचा हे ती ठरवणार.

वर्षाने हिशोब केला. मृत्यू, शारीरिक क्षमता, मानसिक स्वास्थ्य, उपचारांचा दर्जा, कशातच दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर देणारा आकडा असा की ६७ टक्के भेटींमध्ये नर्सनी डॉक्टरांना काहीही न विचारता काम पूर्ण केलं. १९७४ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आणि खूप गाजलं.

सगळे त्या ६७ कडे बघतात. मी उरलेल्या ३३ कडे बघत बसलो. शंभरातल्या ३३ वेळा या नर्स म्हणाल्या, इथे मला विचारायला हवं. ती ३३ कुठली हे त्यांना बाहेरून कोणी सांगत नव्हतं. आणि परिणाम डॉक्टरांइतकेच चांगले आले, म्हणजे त्यांची निवड बऱ्यापैकी बरोबर होती. अभ्यास लहान होता, एकच दवाखाना, दोनच नर्स, हे मान्य. पण ‘कधी विचारायचं’ हे कळणं हेच मोठं कौशल्य आहे, हे त्यात आकड्यांत दिसलं.

अजून एक गोष्ट त्याच अभ्यासात आहे. दवाखान्याचं उत्पन्न पाच टक्क्यांनी घटलं! कारण नर्सने डॉक्टरांच्या मदतीशिवाय पेशंट बघितला तर त्याचे पैसे विमा योजना देत नव्हती. काम झालं, पेशंट बरा झाला, पण बिल नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोर्टात गेलेली गोष्ट

१९८३, अमेरिकेतलं मिझुरी राज्य. कमी उत्पन्नाच्या भागातला कुटुंब नियोजनाचा दवाखाना. दोन नर्स तिथे तपासणी करायच्या, पॅप स्मिअर घ्यायच्या, गर्भनिरोधक गोळ्या द्यायच्या. सगळं पाच डॉक्टरांनी सही केलेल्या लेखी स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे. या ऑर्डर प्रत्येक नर्सच्या नावाने होत्या आणि सगळ्यांना सारख्या नव्हत्या, म्हणजे जिला जेवढं येतं तेवढं तिला. केंटकीच्या पुस्तकाची पुढची आवृत्तीच म्हणा.

राज्याच्या वैद्यकीय मंडळाने इशारा दिला: तुम्ही परवान्याशिवाय डॉक्टरकी करताय, आणि हे डॉक्टर तुम्हाला साथ देतायत. एका तक्रारदार पेशंटचंही नाव नाही, कोणाचं नुकसान झाल्याचा दावा नाही. तरी खालच्या कोर्टाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला.

प्रकरण मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, ‘सर्मचीफ विरुद्ध गोन्झालेझ’ या नावाने. न्यायालयाने नर्सच्या बाजूने निकाल दिला. राज्याने १९७५ मध्येच नर्सिंगचा कायदा बदलून ‘डॉक्टरच्या थेट देखरेखीखाली’ ही अट काढून टाकली होती, हा एक आधार. पण मला आवडला तो दुसरा मुद्दा. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या ज्ञानाची हद्द स्वतः ओळखणं ही जाणत्या व्यावसायिकाची खूण आहे. या नर्सना ती हद्द माहीत होती आणि तिथे पोचल्यावर त्या पेशंटला डॉक्टरांकडे पाठवत होत्या.

लक्षात येतंय ना? बर्लिंग्टनमध्ये जो आकडा होता, तो इथे कायद्याचं तत्त्व झाला.

सही आणि सल्ला

मग सगळं सुरळीत झालं का? छे! इथून पुढे ‘विचारणं’ आणि ‘विचारल्याचा कागद’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

१९७७ मध्ये अमेरिकेने ग्रामीण दवाखान्यांसाठी कायदा केला. डॉक्टर रोज हजर नसला तरी नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाचे पैसे मिळू लागले. पण नियमांत अट होती, दोन आठवड्यांतून एकदा तरी डॉक्टरने प्रत्यक्ष यायचं. ती २०१४ मध्ये निघाली. १९९७ नंतर मेडिकेअर ही सरकारी विमा योजना नर्स प्रॅक्टिशनरला सगळीकडे थेट पैसे देऊ लागली, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. पण काही अटी पाळून तेच काम डॉक्टरच्या नावाने बिल केलं तर १०० टक्के! म्हणजे डॉक्टरांना विचारलं की नाही यापेक्षा बिलावर नाव कोणाचं, याला भाव आला.

तसंच राज्यांच्या करारांचं. अनेक राज्यांत नियम असा की नर्स प्रॅक्टिशनरने एका डॉक्टरशी लेखी करार केल्याशिवाय काम करायचं नाही. काही ठिकाणी हा करार खरा असतो, डॉक्टर वेळ देतात, अडलेल्या केसवर बोलतात. काही ठिकाणी मात्र डॉक्टर ठरावीक फी घेऊन सही देतात आणि प्रत्यक्ष भेट क्वचितच होते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही असे नियम स्पर्धेला मारक ठरू शकतात, असं म्हटलं. आज निम्म्याहून जास्त राज्यांत अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरला असा करार लागत नाही. टेक्साससारख्या राज्यांत अजून लागतो.

डॉक्टरांच्या संघटना याला विरोध करतात आणि त्यांचा मुद्दा फक्त पैशाचा नाही. डॉक्टरचं प्रशिक्षण कितीतरी जास्त वर्षांचं असतं. दुर्मीळ आजार साध्या सर्दीच्या वेषात येतो तेव्हा तो ओळखायला ते कामी येतं. इथे दोन अभ्यास शेजारी ठेवू. २००० साली न्यूयॉर्कमध्ये १,३१६ पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनरमध्ये वाटले. प्राथमिक उपचारांत सहा महिन्यांनी तब्येतीत फरक दिसला नाही. उलट २०२२ मध्ये माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांतल्या इमर्जन्सी विभागाचा अभ्यास आला. तिथे नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलेल्या पेशंटना जास्त वेळ लागला, टाळता आलं असतं असं भरती होणंही वाढलं, आणि केस जितकी गुंतागुंतीची तितका फरक मोठा. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की कौशल्यातला फरक दोन पेशांमध्ये असतो त्यापेक्षा एकाच पेशातल्या माणसांमध्ये जास्त असतो.

माझ्या मते दोन्ही अभ्यास एकच सांगतात. गावातला, वस्तीतला रोजचा दवाखाना आणि इमर्जन्सी ही वेगळी ठिकाणं आहेत. रोजच्या दवाखान्यात बहुतेक गोष्टी हाताळता येतात, फक्त विचारायचा रस्ता मोकळा हवा. तो कोणी सही करून मोकळा होत नाही.

मग विचारायचं कसं?

परत त्या रात्रीच्या फोनकडे येऊ. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला, योगायोगाने पुन्हा कोलोराडोतच, कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेत मायकल लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची बोलण्याची एक पद्धत दवाखान्यात आणली. तिला ‘एसबार’ म्हणतात. चार पायऱ्या: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, आणि मी काय सुचवते.

चौथी पायरी पुन्हा वाचा. ‘मी काय सुचवते.’ १९६७ च्या खेळात नेमकं हेच बोलायला बंदी होती! आता ते फॉर्ममध्ये छापून आलंय. स्वतः स्टाइन यांनी १९९० मध्ये पुन्हा लिहिताना म्हटलं होतं की नर्सनी हा खेळ खेळायचं आपणहून बंद केलंय.

आज प्राथमिक दवाखान्यात सल्ला अनेक वाटांनी घेतला जातो. दोन पेशंटच्या मधे कॉरिडॉरमध्ये उभ्याने विचारलेला प्रश्न. डॉक्टरांना आत बोलवून ‘जरा हा घसा बघता का?’ म्हणणं. फोन, मेसेज, नंतर केसपेपरवर एकत्र नजर. आणि सरळ रेफर करणं. यातलं कागदावर फारच थोडं उतरतं.

आपल्या उपकेंद्रात

हे सगळं लांबचं वाटतंय? २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ नेमायला सुरुवात झाली. नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेली व्यक्ती, वर सहा महिन्यांचा कोर्स. मैदानी भागात एक उपकेंद्र साधारण ५,००० लोकांसाठी, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकांसाठी. बीपी, शुगर, गरोदरपणाची तपासणी, ठरलेली औषधं हे सगळं तिथेच. अडलं तर ‘ई-संजीवनी’वरून व्हिडिओ कॉल लावून डॉक्टरांचा सल्ला. केंटकीच्या पुस्तकाच्या जागी मोबाइल आलाय.

२०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ३२ आलं. डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतील, बाकी सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अशी तरतूद. इंडियन मेडिकल असोसिएशनने ३१ जुलैला देशभर २४ तासांचा बंद पुकारला. दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं, ते मिझुरीच्या कोर्टातही शोभलं असतं.

पण त्या वादात एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. उपकेंद्रावरच्या सिस्टरने फोन केला तर पलीकडून उचलणारं कोण, किती वेळात, आणि कोणत्या आवाजात? ‘एवढंही कळत नाही का?’ असं एकदा ऐकलेली सिस्टर पुढच्या वेळी विचारायला कचरते. मग त्या ३३ टक्क्यांतला एखादा पेशंट ६७ मध्ये ढकलला जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात, नात्यात कोणी सिस्टर असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि त्यांना विचारा, डॉक्टरांना शेवटचा फोन कधी केला होता, आणि तेव्हा मनातलं सरळ बोलता आलं का? उत्तर मला कळवा, त्यांचं नाव न लिहिता. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि अडलं तर विचारत राहा.